जिला रांग नव्हती अशी नदी

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधल्या ज्या बोटीसाठी मी जवळजवळ वर्षभर हळहळत होते, त्या बोटीत मी गेल्या नऊ वर्षांत एकदाही बसले नव्हते, ही गोष्ट जून २०२५ च्या अखेरीस तिच्या धक्क्यावर उभे असताना माझ्या मुलाने माझ्या लक्षात आणून दिली. “आई, तू हिच्यात शेवटची कधी बसली होतीस?” एवढेच त्याने विचारले, आणि मी मनातल्या मनात हिशेब करू लागले तेव्हा उत्तर फारसे शोभादायक निघाले नाही. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. आता तो सतरा वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. मधल्या काळात आम्ही त्या पार्कमध्ये किमान सहा वेळा गेलो होतो आणि प्रत्येक वेळी त्या नदीच्या काठाने, तिच्याकडे न बघता, कुठल्या तरी राइडची वेळ गाठण्यासाठी लगबगीने पुढे निघून गेलो होतो.

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कमधील ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही कृत्रिम नदी, तिच्या मधोमध असलेले ‘टॉम सॉयर आयलंड’ आणि त्या बेटाला वळसा घालणारी ‘लिबर्टी बेल’ ही चक्राची बोट, या तिन्ही गोष्टी ६ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस पाहून कायमच्या बंद झाल्या. पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले तेव्हापासून ही नदी तिथे होती. बेट १९७३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सुरुवातीच्या काळात नदीत दोन बोटी होत्या आणि त्यांना पार्कच्या उभारणीत वाटा असलेल्या दोन माणसांची नावे दिली होती, निवृत्त नौदल अधिकारी जो फाउलर आणि डिस्नेच्या रचनाकारांपैकी रिचर्ड आयर्विन यांची. फाउलर यांच्या नावाची बोट १९८० मध्ये निवृत्त झाली, आणि आयर्विन यांच्या नावाची बोट १९९६ पासून ‘लिबर्टी बेल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बोट पाण्याखालच्या रुळावरून जात असे, त्यामुळे तिला सुकाणूची गरज नव्हती. पण वाफ मात्र खरी होती, वाफेवर फिरणारे मागचे लाल चक्र खरे होते आणि त्या चक्रानेच बोट पुढे ढकलली जात असे. जिथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट कशाची तरी हुबेहूब नक्कल असते, अशा ठिकाणी हा खरेपणा चाहत्यांना विशेष वाटत आला आहे.

बंद होण्याची बातमी एका दमात आली नाही, आणि माझ्या मते चाहत्यांच्या रागाचा निम्मा भाग त्यातच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अनाहाइम येथे डिस्नेच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता, त्यात मॅजिक किंगडममध्ये बोलणाऱ्या मोटारींच्या ‘कार्स’ या पिक्सारच्या चित्रपटमालिकेवर आधारलेला नवा विभाग येणार असल्याचे जाहीर झाले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नवा विभाग म्हणजे पार्कमध्ये भर, असेच ऐकणाऱ्यांनी धरून चालले होते. तो नदी आणि बेट हटवून त्याच जागेवर उभा राहणार आहे, हे त्यानंतर स्पष्ट झाले. ज्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आपण नेमक्या कशासाठी टाळ्या वाजवल्या हे नंतर कळले, आणि फसवले गेल्याची ही भावना शेवटपर्यंत गेली नाही. नदी वाचवण्यासाठी सह्यांच्या मोहिमा निघाल्या, जुनी छायाचित्रे बाहेर आली, आजी-आजोबांबरोबर बोटीच्या कठड्याला टेकून काढलेली, रंग उडालेली छायाचित्रे.

आम्ही त्या जूनमध्ये गेलो तो निरोपासाठीच. दुपारी पावसाचे ढग जमायच्या आधी बेटावर जायचे असे ठरवले होते, कारण फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या बऱ्याच गोष्टी बंद होतात. बेटावर तराफ्यातून जावे लागे. तराफ्यावर बसायला जागा नसे. लाकडी फळ्यांवर सगळे दाटीवाटीने उभे राहत आणि दोन मिनिटांत पलीकडे पोचत. पलीकडे पाऊल टाकल्यावर पहिली जाणीव आवाजाची होत असे, म्हणजे खरे तर आवाज नसण्याची. पार्कभर सतत वाजत असलेले संगीत तिथे फारच विरळ होते. पिंपांवर तरंगणारा एक पूल होता, त्यावर दोन मुले एकदम धावली की सगळ्यांचे पाय लटपटत. माझा मुलगा आठव्या वर्षी त्या पुलावरून सतरा वेळा इकडून तिकडे गेला होता आणि मी मोजत बसले होते. त्या दिवशी तो एकदाच गेला, पण मध्यावर थांबून त्याने मुद्दाम एक उडी मारली. गुहेत भिंतीला हात लावून चालावे लागे आणि एका ठिकाणी तर मोठ्या माणसाला वाकावेच लागे. नऊ वर्षांपूर्वी तिथे मी वाकले होते आणि तो ताठ चालत पुढे गेला होता. आता तो माझ्याही आधी वाकला.

मार्क ट्वेन यांच्या १८७६ सालच्या कादंबरीतला टॉम कुंपणाला सफेदी देण्याचे स्वतःचे काम मोठ्या युक्तीने इतर मुलांच्या गळ्यात मारतो. त्या प्रसंगाची आठवण म्हणून एके काळी बेटावर रंगाचे ब्रश लपवून ठेवले जात आणि ज्याला ते सापडेल त्याला छोटेसे बक्षीस मिळत असे. ही प्रथा केव्हाच बंद पडली होती, पण त्या दिवशी मला किमान तीन प्रौढ माणसे झुडपांमागे आणि पिंपांखाली वाकून बघताना दिसली. त्यांना ब्रश मिळणार नाही हे ठाऊक होते, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटत होते.

आता वादाकडे वळते, कारण तो बराच झाला आणि त्यात दोन्ही बाजूंनी काही पोकळ बोलणेही झाले. ही ‘वॉल्टची नदी’ आहे, तिला हात लावू नका, असे अनेक जण तळमळीने म्हणत होते. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले आणि फ्लोरिडातले पार्क त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी उघडले. त्यांनी ही नदी कधी पाहिलीच नाही. ज्या बेटाच्या आखणीत त्यांनी स्वतः लक्ष घातले होते ते कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधले, १९५६ चे, आणि ते अजून आहे, जरी तिथली नदीही ‘स्टार वॉर्स’च्या विभागाला जागा करून देण्यासाठी आखूड केली गेली असली, तरी २०१७ मध्ये तिच्यावर बोट पुन्हा सुरू झाली. टोकियोतही नदी, बोट आणि बेट तिन्ही आहेत. दुसऱ्या बाजूचे लोक डिस्ने यांचेच एक वचन पुढे करत होते: जगात कल्पनाशक्ती शिल्लक असेपर्यंत डिस्नेलँड कधी पूर्ण होणार नाही, या आशयाचे. कुठलीही जुनी गोष्ट पाडायची वेळ आली की हे वाक्य हमखास बाहेर काढले जाते. मला ते आता रामबाण औषधासारखे वाटू लागले आहे, रोग कोणताही असो, मात्रा एकच. ‘पूर्ण होणार नाही’ याचा अर्थ भर पडत राहील असाही होतो, आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ताब्यात शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जमीन असताना नेमकी नदीच का बुजवायची, या चाहत्यांच्या प्रश्नाला त्या वाक्यात उत्तर नाही.

नव्या विभागाचे कथानक अमेरिकेच्या पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानांवर बेतलेले आहे, त्याचे नाव ‘पिस्टन पीक नॅशनल पार्क’ असे आहे आणि त्यात डोंगर, उष्ण पाण्याची कारंजी व खडबडीत वाटांवरून गाडी हाकण्याची राइड असणार आहे. चित्रे देखणी आहेत, हे मान्य केले पाहिजे. आक्षेप वेगळा आहे: शेजारच्या ‘लिबर्टी स्क्वेअर’ या विभागामध्ये अठराव्या शतकातील अमेरिकेचा आभास जपण्यासाठी इतकी मेहनत घेतलेली आहे, आणि त्याच्यासमोर बोलणाऱ्या मोटारी येणार. ज्यांना हा आक्षेप पोरकट वाटतो त्यांना थीम पार्क आवडण्याचे कारणच कळलेले नाही, असे माझे मत आहे.

चाहत्यांच्या निरोपाच्या या रीतीला मोठा इतिहास आहे. याच पार्कमधली ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ सप्टेंबर १९९८ मध्ये बंद झाली, तेव्हा चाहत्यांनी हिरवे शर्ट घालून राइडसमोर जमण्याचा उपक्रम चालवला होता. राइड वाचली नाही, पण ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताटकीच्या वाड्याच्या राइडबाहेर प्राण्यांचे जे खोटे स्मशान आहे, त्याच्या एका कोपऱ्यात मिस्टर टोडचा छोटा पुतळा उभा करण्यात आला, तो ठाऊक असलेली माणसे आजही तिथे क्षणभर थांबतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली राइड बंद झाली तेव्हा तिच्यातले पाणी बरण्यांत भरून विकायला काढणारेही निघाले. हसू येते खरे, पण ते पाणी बरणीत भरून घरी नेणाऱ्या माणसाला काय हवे होते, हे अगदीच न कळण्यासारखे नाही. आणि डिस्ने वर्ल्डच्याच ‘ॲनिमल किंगडम’ या दुसऱ्या पार्कमधल्या ‘डिनो-रामा’ची तर गंमतच आहे. २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या या विभागाला, डांबरी मैदानावर मांडलेल्या रस्त्याकडेच्या जत्रेचे रूप मुद्दाम दिलेले होते, आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षे त्याची यथेच्छ टवाळी केली. जानेवारी २०२५ मध्ये तो बंद होऊ लागला तेव्हा त्याच टवाळखोरांचे डोळे पाणावले.

म्हणून माझ्या मुलाचा प्रश्न मला बोचला, आणि तो माझ्यापुरता नव्हता हेही मला माहीत आहे. नदी बंद होऊ नये म्हणून बोलणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांनी बोटीकडे माझ्यासारखीच पाठ फिरवली होती, आणि कंपनीच्या आकडेमोडीत ही रिकामी बोट दिसत असणारच. मग आमचे दुःख खोटे का? या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले आहेत. मला असे वाटते की आम्ही बोटीसाठी हळहळत नव्हतोच. पूर्वी रांग टाळण्याची सोय तिकिटातच विनामूल्य मिळत असे. आता त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि दिवसभर फोनवर डोळे लावून बसावे लागते. अशा दिवसात त्या नदीला रांग नव्हती, वेळ राखायची नव्हती, आणि तिच्याकडे नुसते बघत कठड्याला टेकून उभे राहिले तरी कुणी पुढे चला म्हणत नव्हते. आम्ही त्या सवलतीचा उपयोग केला नाही. पण ती आहे, हे आम्हाला ठाऊक होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आपण रोज बोलतो असे नाही, पण ओसरीवर ते बसलेले आहे याने घराला एक वेगळेपण येते, तसे काहीसे. कंपनीची बाजूही समजते. शेजारी मे २०२५ मध्ये युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे भव्य पार्क उघडले आहे, आणि डिस्नेने दहा वर्षांत पार्क आणि क्रूझ व्यवसायात साठ अब्ज डॉलर गुंतवण्याचे २०२३ मध्येच जाहीर केले आहे. एवढ्या पैशाच्या हिशेबात शांतपणाचा रकाना कुठे असणार?

शेवटी आम्ही बोटीत बसलो. वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला. शिट्टी वाजली तेव्हा शेजारच्या बाईंनी दोन्ही कान झाकले आणि लगेच हात काढले, जणू तो आवाज चुकवायचा नाही असे त्यांना आठवले असावे. बोट बेटाच्या मागच्या बाजूला गेली की पार्क दिसेनासे होत असे. काही मिनिटे नुसती झाडे, पाणी आणि चक्राचा ठेका. माझ्या मुलाने फोन खिशात ठेवला, हे मी पाहिले, पण बोलून दाखवले नाही. साधारण सतरा मिनिटांत फेरी संपली.

बंद झाल्यानंतर लवकरच नदीचे पाणी उपसायला घेतले गेले. हवेतून काढलेल्या छायाचित्रांत उघडा पडलेला तळ दिसू लागला, आणि ती छायाचित्रे बघवत नाहीत असे म्हणत चाहते ती एकमेकांना पाठवत राहिले. मी शरद ऋतूत पुन्हा एकदा तिथे गेले तेव्हा काठाला उंच तात्पुरत्या भिंती उभ्या होत्या. ‘हाँटेड मॅन्शन’कडे जाताना मला एका जोडाची बारीक फट दिसली. तिला एक डोळा लावून चार-पाच वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या शर्टावर ‘कार्स’मधली ती लाल मोटार होती. आत जेसीबी माती उपसत होता. आई त्याला पुन्हा पुन्हा हाक मारत होती, त्यांची कुठल्याशा राइडची राखून ठेवलेली वेळ टळत चालली होती, हातातल्या फोनकडे बघत ती मिनिटे मोजून सांगत होती, आणि तो जागचा हलत नव्हता.