पेवात श्वास कोण घेतंय?

नववी स्लाइड माझी सगळ्यात लाडकी होती. हरिपूरच्या एका जुन्या पेवाच्या तोंडाशी माझा मामा उकिडवा बसलाय, हातात दोरीला बांधलेला कंदील, खाली नुसता काळोख. खरं सांगायचं तर तो फोटो मुद्दाम बसवून काढलेला. ते पेव २००५च्या महापुरात पाणी शिरलं तेव्हापासून रिकामं आहे आणि कंदील शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा.

मी सांगलीतल्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, केमिस्ट्री शिकवते आणि तास संपले की पीएच.डी.चं काम करते. विषय हळदीची साठवण. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपुरात जमिनीखाली हळद ठेवायची रीत होती, हे आता सांगलीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं तोंडाशी अरुंद, पोटात रुंद असं कोठार. आतून पाल्याचा थर द्यायचा, हळकुंडं भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. मामा तिथं हमाल होता. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा; विझला तर कुणी उतरायचं नाही, दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

पेवातली आणि गोदामातल्या पोत्यातली हळद घेऊन मी दोन्हीतलं कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य, मोजलं होतं. अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, उजेडानं उतरू नये म्हणून नळ्यांना फॉइल गुंडाळायचं, ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रीडिंग घ्यायचं. नखं महिनोन् महिने पिवळी. आई म्हणायची, लग्नाआधीच हळद लागली बघ. पेवातल्या हळकुंडांना किडीची भोकं कमी होती, हे माझं मुख्य निरीक्षण. आणि नवव्या स्लाइडवर त्याचं कारण, ठळक अक्षरात: पेवात ऑक्सिजन नसतो, म्हणून कीड मरते. पुरावा? मामाचा कंदील.

हे सगळं एका परिषदेत मांडायचं होतं. दहा मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं प्रश्न. आठवडाभर रोज रात्री गच्चीवर तालीम चालली होती. धाकटी बहीण मोबाईलवर वेळ लावून बसायची आणि मी ‘बेसिकली’ म्हटलं की चप्पल आपटायची. पहिल्या दिवशी चौदा मिनिटं झाली, शेवटच्या दिवशी साडेनऊ. गाईड सरांनी पीपीटी बघून एवढंच म्हटलं, “नऊ नंबर काढ. तुझ्याकडे त्याचा डेटा नाही.” मी हो म्हटलं आणि काढली नाही. वेळेत बसत होती ना!

परिषदेच्या दिवशी उद्घाटन पाऊण तास लांबलं. दीपप्रज्वलनाला समई पेटेना, पंखे बंद करायला लावले. मग शाल, श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, ओळखीवर पाहुण्यांचं उत्तर. आमच्या सत्राला प्रत्येकी आठ मिनिटं उरली. हॉलच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता, त्यामुळे ‘हरिपूर’च्या जागी पाच चौकोन. मामा पांढरी टोपी घालून शेवटच्या रांगेत बसलेला. त्याला इंग्रजी कळत नाही, पण स्वतःचा फोटो पडद्यावर आला तेव्हा त्यानं शेजारच्या प्राध्यापकाला कोपरानं ढोसलं, ते मला स्टेजवरून दिसलं.

बोलणं बरं झालं. सात मिनिटं चाळीस सेकंद.

मग दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. धान्यसाठवणुकीत हयात घालवलेल्या. सुरुवात इंग्रजीत केली, माझा चेहरा बघून मराठीवर आल्या.

“दिवा विझतो तो ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली गेला की. भुंगेऱ्याला तेवढ्यानं काही होत नाही. तो मरायला दोन-तीन टक्क्यांपर्यंत यायला हवं. तुम्ही मोजलंय?”

“नाही, मॅडम.”

“बरं, दुसरं. हळद शिजवून वाळवूनच पेवात जाते ना? म्हणजे ती मेलेली. ती काही श्वास घेत नाही. मग तिथला ऑक्सिजन संपवतंय कोण?”

मी माईक या हातातून त्या हातात घेतला. डोक्यात पहिली गोष्ट आली ती म्हणजे सर कुठं बसलेत. बाई थांबून होत्या, रागावलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते जास्त वाईट. पेवात ऑक्सिजन खाणारं काही जिवंत असेल, तर ते किडा असेल नाहीतर बुरशी. आणि मी तर आत्ताच आठ मिनिटं सांगत होते की तिथं काही जगत नाही. “माहीत नाही,” म्हटलं. “मी फक्त कंदिलाची गोष्ट ऐकलीये.” हॉलमध्ये कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा दाबली, तिचे उपकार.

जेवायला जावंसं वाटत नव्हतं, पण मामाला एकटं कसं सोडणार. बघते तर तो आणि त्या बाई समोरासमोर, ताटं हातात. त्या विचारत होत्या, मामा जिलेबी मोडत सांगत होता.

“उघडलं की गरम वाफ यायची तोंडावर. मधला माल एक नंबर. कडेचा मातूर काळा पडायचा, पाला कुजून बुरा चढलेला असायचा. तो खरवडून येगळा काढायचा. त्याला भाव न्हाई.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पाला! भिंतीकडचा ओला पाला, त्यावरची बुरशी. मी मामाला वर्षभर कंदिलाबद्दल विचारत होते, कडेच्या मालाबद्दल एकदाही नाही. माझे नमुने सगळे व्यापाऱ्यानं दिलेले, म्हणजे मधल्या एक नंबर मालातले. भोकं कमी दिसणारच.

सर हात धुऊन आले. नऊ नंबरबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त म्हणाले, “कडेचे नमुने घ्यायला लागतील. म्हणजे अजून एक सीझन.” स्टायपेंड नाही, सीएचबीचे पैसे कधी येतील ते कॉलेजलाही माहीत नाही, आणि अजून एक सीझन. मी भात कालवत राहिले.

बाईंनी त्यांच्या लॅबमधला ऑक्सिजन मीटर महिनाभर द्यायचं कबूल केलंय. उन्हाळ्यात एक पेव उघडणार आहे, मालकाशी मामाच बोलला. फरशी पुरती काढायच्या आधी फटीतून नळी आत सोडायची, असं ठरलंय. मामाची अट एकच आहे, मीटरनं काही का सांगेना, कंदील सोडल्याशिवाय पेवात कुणी उतरायचं नाही.