थिबा राजाचा वाडा आणि सादळलेल्या भाकऱ्या

गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संपला की आमच्या घरात कुठंतरी जायची टूम निघते. यंदा आण्णा म्हणाले, "तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं. समुद्र दाखव की एकदा." रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरावरूनच जातो, त्यामुळे वाट विचारायची गरज नव्हती. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायला लागलो तसे आण्णा गप्प झाले. सकाळी सांगोल्याकडचं उघडंबोडकं माळरान बघितलेल्या माणसाला एवढी झाडी एकदम झेपत नाही.

रत्नागिरीत पोचलो तो सोमवार. थिबा पॅलेसला कुलूप! तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे बघून निघायची अक्कल मला नव्हती. मग मोर्चा रत्नदुर्गाकडं. भगवतीच्या देवळात टेकलो, बुरुजावरून दीपगृह आणि तिन्ही अंगांचा समुद्र बघितला. उतरल्यावर पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली उभं राहिलेलं, जातपात न बघता सगळ्या हिंदूंना खुलं. संध्याकाळी मांडवीची काळी वाळू. आण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाच मिनिटं लाटेत उभे राहिले आणि म्हणाले, "बास. चिकट लागायलंय."

मंगळवारी मात्र वाड्यानं सगळी सकाळ खाल्ली. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह हद्दपार केलं. आधी मद्रास, मग रत्नागिरी. हा तीन मजली वाडा मिळाला तो १९१० मध्ये, म्हणजे हद्दपारीची चोवीस-पंचवीस वर्षं काढल्यावर. लाल रंगाच्या भिंती, सागवानी लाकूडकाम, अर्धगोल खिडक्या. आण्णांचा जन्म मागावर गेला. त्यांना राजापेक्षा लाकडात रस. एका चौकटीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "सांध्यात नख जात नाही बघ." रखवालदारानं लांबून "हात नको" म्हटल्यावर लहान पोरासारखा हात मागं घेतला.

राजाला त्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच वारला. समाधीही रत्नागिरीतच आहे. थोरली राजकन्या तर वाड्याच्या चाकरीतल्या एका मराठी माणसावर जीव लावून बसली आणि शेवटी रत्नागिरीतच गरिबीत गेली. आता घरंदारं झालेल्या या टेकडीवरून तो राजा रोज खाडीकडं बघत बसत असेल, हे थिबा पॉइंटवर उभं राहिल्यावर पटतं. खाली भाट्याची खाडी, पलीकडं नुसतं पाणी. ब्रह्मदेश दुसऱ्याच समुद्राच्या काठाला, त्यामुळं त्या बघण्याचा तसा काही उपयोग नव्हता.

आण्णांनी एकदम विचारलं, "१९१० म्हणालास ना? आपले डॉक्टर कोटणीस त्याच सालचे." खरंच की. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ ला तिथंच गेले. चिनी पाहुणे सोलापुरात त्यांचं स्मारक बघायला येतात, तसे २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला आले होते. एकाला पकडून आणला, दुसरा आपणहून गेला, एवढाच काय तो फरक. भैय्या चौकातून रोज जाणारा मी त्या स्मारकात शेवटचा कधी गेलो, आठवेना.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर धावतपळत झालं. गणपतीपुळ्याला गर्दी होती, तिथं दर्शन घेऊन लगेच शेजारच्या मालगुंडला निघालो. केशवसुतांच्या जन्मगावातलं हे स्मारक शांत, कौलारू. गणपतीपुळ्याला येऊन इथं न वळणाऱ्यांची मला कीव येते.

जेवणाची वेगळीच गंमत. आण्णा माळकरी, त्यामुळे मासळीच्या गावात आमचं ताट म्हणजे भात आणि सोलकढी. घरून आणलेली शेंगाचटणी टिकली, पण कडक भाकऱ्या दुसऱ्याच दिवशी अशा सादळल्या की दुमडून घड्या घालाव्यात. आण्णांचा प्रवासातला सगळ्यात मोठा संताप तो.

उरलेल्या दोन भाकऱ्या त्यांनी टाकू दिल्या नाहीत. सोलापुरात पोचल्यावर आधी गच्चीवर जाऊन उन्हात ठेवल्या. दुपारी चहाला बसलो तर कटकन मोडल्या.