शाईने खाल्लेलं पान

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थानच्या महाजनांनी (वंशपरंपरेने देवस्थान सांभाळणाऱ्यांनी) माझ्याकडे दुरुस्तीला आणलेल्या गाठोड्यात दोन तऱ्हेचे कागद होते: मोडीतले हिशेब आणि पोर्तुगीजमधला एक जमिनीचा दस्त. मोडीचे कागद वाळवीने जागोजागी पोखरलेले, पण उरलेलं अक्षर काळं कुळकुळीत. दस्ताला वाळवी शिवलीही नव्हती. युरोपातला कागद, चिंध्यांच्या लगद्याचा, हाताला अजून कापडासारखा लागणारा. आणि त्यातून अक्षरं गळून पडत होती.

भिंगाखाली धरला तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं. 'ओ' आणि 'डी' या अक्षरांचे बंद गोल आतल्या कागदासकट निखळले होते. पिसाची लेखणी दाबून ओढलेल्या जाड उभ्या रेघांत चिरा पडल्या होत्या, बारीक आडव्या रेघा मात्र शाबूत. टीपकागदावर काळे कण सांडले होते.

"बाय, ती घाण झाडून टाक आधी," बरोबर आलेले काका म्हणाले.

ती घाण नव्हती, तो दस्ताचा मजकूर होता. एकेक कण चिमट्याने उचलून पाकिटात ठेवला आणि मगच काकांशी बोलायला बसले.

मोडीची शाई काजळीची. काजळी, डिंक, पाणी. कागदाला तिचा काही उपद्रव नाही. दस्ताची शाई मायफळाचा काढा, हिराकस आणि डिंक यांची. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट: फिकट हिरवे खडे, पाण्यात चटकन विरघळणारे, उघड्यावर राहिले की अंगावर पिवळट तांबूस पूड धरणारे. रक्त वाढवायच्या गोळीत हाच क्षार असतो, लोह कमी पडून पिवळ्या पडलेल्या पिकावर हाच फवारतात. हिरड्याच्या काढ्यात चिमूटभर टाकून मी काकांना दाखवला. काढा त्यांच्या डोळ्यांदेखत काळवंडला.

ही शाई लिहिताना फिकी असते. हवा लागली की त्यातलं लोह ऑक्सिडीकरण होऊन टॅनिनशी घट्ट जुळतं आणि तंतूंच्या आतच काळा रंग तयार होतो. धुऊन सहज जात नाही, म्हणून तर युरोपभर सरकारदरबारी हीच शाई शतकानुशतकं चालली. पणजीतल्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. तिथल्या पोर्तुगीज दप्तरांतही तीच. पण ही शाई बनताना सल्फ्युरिक आम्लही बनतं आणि ते कागदाचे तंतू तोडतं. शिवाय हिराकस जास्त पडला असेल तर टॅनिनशी न जुळलेलं मोकळं लोह उरतं. ते कागदाची झीज चालू ठेवतं आणि स्वतः संपत नाही. दमट हवेत दोन्हींना जोर चढतो, आणि आमच्याकडे पावसाळाभर कपाटातली चप्पलसुद्धा बुरसते.

त्यात कुणीतरी मागून सेलोटेप लावलेली. लॅमिनेशन केलं नाही हे नशीबच. प्लास्टिकमध्ये गरम दाबून आम्ल आत कोंडायचं आणि वर 'आता कायमचं टिकेल' म्हणून पैसे घ्यायचे, हा धंदा बंद व्हायला हवा. लोक भाबडेपणाने जातात, मग तो कागद सोडवणं कुणाच्या हातात राहत नाही.

मोकळं लोह ओळखणाऱ्या बॅथोफेनॅन्थ्रोलिन या रसायनाची पट्टी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, टिपून, एका रेघेवर दाबली. क्षणात गडद गुलाबी. मोकळं लोह भरपूर. यावर उपाय आहे: कॅल्शियम फायटेटचं स्नान. धान्याच्या कोंड्यात असतं ते फायटिक आम्ल लोहाला बांधून टाकतं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्याने उरलेलं आम्ल मारायचं. नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली गेली.

पण समासात नंतर कधीतरी मारलेला जांभळा रबरी शिक्का होता. कोपऱ्यावर ओला कापूस टेकवताच जांभळा उतरला. अल्कोहोलमध्ये तर त्याहून जास्त. सायक्लोडोडेकेनचं मेण दोन्ही बाजूंनी लावून शिक्का झाकता येतो, पण ते वेळेत मिळणार नव्हतं आणि ज्या खटल्यासाठी दस्त हवा होता त्याची सुनावणी तोंडावर आली होती. शिक्क्यापुरती जागा कोरडी ठेवून बाकीचं भिजवणं तर त्याहून वाईट. पाण्याबरोबर लोह सरकतं आणि कडेला, कोऱ्या कागदात, नवा तपकिरी डाग धरून बसतं.

"शिक्का गेला तर वकील तो कागद हातात धरणार नाही, बाय. अक्षर थोडं गेलं तरी चालेल."

मला अगदी उलट वाटत होतं. शिक्का म्हणजे एका कचेरीची खूण. मजकुरात हद्दी होत्या, झाडं होती, ओहोळ होते, नावं होती. पण कागद त्यांचा आणि खटलाही त्यांचाच.

शेवटी भिजवलं नाही. जिलेटिन लावून वाळवलेला अगदी पातळ जपानी कागद नावापुरता ओलसर करून मागून बसवला. खळ वापरली नाही, तिच्यात पाणी फार. पाकिटातले जे कण जागेवर जुळले ते जुळवले. दोन्ही बाजूंचं स्कॅन केलं, आम्ल मारणाऱ्या अल्कधर्मी कागदाच्या घडीत दस्त ठेवला आणि देवळातल्या लोखंडी पेटीत परत टाकू नका म्हणून बजावलं.

लोह मात्र तिथेच आहे. सुनावणी झाली की दस्त परत आणायचं काकांनी कबूल केलं आहे. मेण मी मागवून ठेवलंय. एवढा वेळ पाण्यात ते शिक्का धरून ठेवेल की नाही, हे तशाच जांभळ्या शिक्क्याच्या रद्दी कागदांवर सध्या तपासते आहे.