वाळूत रुतलेला प्रॉप

इटली म्हटलं की आपल्याला फुटबॉलच आठवतो. मी राहतो त्या त्रेविझोत मात्र लोक मोनिगो स्टेडियमवर रग्बी बघायला जातात. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गडी गावातल्या एका क्लबकडून प्रॉप खेळतो, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघांचे गडी एकमेकांत डोकी घालून ढकलाढकली करतात तेव्हा, पुढच्या रांगेत मान खाली घालून रेटतो. वजन 115 किलो. मान शोधावी लागते.

हिवाळाभर त्याने मला पंधरा जणांची रग्बी समजावली. 2000 साली सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा संघांच्या स्पर्धेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात इटलीने रोममध्ये स्कॉटलंडला 34-20 हरवलं, त्यातले 29 गुण एकट्या दिएगो दोमिंगेझने किक मारून मिळवले. हे तो दर पंधरा दिवसांनी, पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगतो. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवण्याचे, 5 गुण, त्यावरच्या किकचे 2, पेनल्टीचे 3. पुढचे आठ जण रेटणार, मागचे सात पळणार. ज्याचं काम त्याने करावं.

मग उन्हाळा आला आणि तो मला लिन्यानो साब्बियादोरोला घेऊन गेला. साब्बियादोरो म्हणजे सोनेरी वाळू. बीच रग्बीची स्पर्धा होती आणि त्यांच्यात एक माणूस कमी पडत होता. मी म्हटलं, गुहागरच्या किनाऱ्यावर वाढलोय, वाळूचं मला काय सांगता!

पण आपण क्रिकेट खेळतो ते ओहोटीनंतरच्या ओल्या, टणक वाळूवर. इथे खेळ पाण्यापासून लांब, कोरड्या भुसभुशीत वाळूत. अनवाणी. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि पाच पावलांतच पोटऱ्या बोंबलायला लागतात.

एका बाजूला पाचच खेळाडू. गोलपोस्ट नाहीत, किक नाही, त्यामुळे दोमिंगेझचे ते 29 गुण इथे शून्य. ट्राय केला की 1 गुण, विषय संपला. नियम स्पर्धेगणिक थोडेफार बदलतात. आमच्याकडे पाच-पाच मिनिटांचे दोन हाफ होते. ऐकून मला हसू आलं होतं. दुसऱ्या मिनिटाला मीच हात वर करून बदली मागत होतो. बरं, बदली कितीही वेळा चालते, नाहीतर मी अजून तिथेच पडलेला असतो.

चेंडू पुढे फेकायचा नाही आणि टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, खरंच करायचा, एवढं मात्र जुन्या खेळासारखंच. वाळूत पडलं की लागत नाही, हा माझा दुसरा गैरसमज. हाडं वाचतात हे खरं, पण गुडघे-कोपरं पॉलिश पेपरने घासल्यासारखी होतात, आणि घामावर ती वाळू म्हणजे जखमेवर मीठ.

सगळ्यात वाईट अवस्था प्रॉपची. स्क्रमच नाही, मग रेटायचं कुणाला? पाचांत पाचही जणांना पळावं लागतं, पास द्यावा लागतो, अडवावं लागतं. मोठ्या मैदानासारखं कुणाच्या पाठीमागे दडता येत नाही. समोरची अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी... हो, आमचा सामना मिश्र होता... त्याला डावीकडे वाकवून उजवीकडून निघून गेली. तो वळेपर्यंत तिने ट्राय करून पाणीही प्यायलं होतं.

आम्ही 7-1 हरलो. तो एक माझा नव्हता.

संध्याकाळी गाडीत बसताना प्रॉपने टॉवेल झटकला आणि म्हणाला, ‘2000 साली रोममध्ये काय झालं, सांगितलंय का तुला?’