धाब्यावरची खारी आणि आमचं चोपण झालेलं शेत

आमचं यावल तालुक्यातलं जुनं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं. मृगाच्या आधी आजोबा बैलगाडी घेऊन खारवट पट्ट्यातून खारी, म्हणजे खारी माती, आणायचे आणि आम्ही पोरं ती धाब्यावर पसरायचो. पहिल्या पावसात एखाद-दोन ठिकाणी टपकायचं, आजी खाली पातेलं ठेवायची आणि म्हणायची, "थांब भो, बसू दे तिला." आणि खरंच एकदा खारी बसली की मग कितीही झड लागू दे, थेंब आत यायचा नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या केळीच्या शेताचं तेच झालंय, म्हणजे शेताचं धाबं झालंय. पाणी आत जिरूच न देणाऱ्या अशा सोडियमवाल्या जमिनीला चोपण म्हणतात.

मी जळगावला माती टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे. तिथे फ्री स्वेल नावाची, माती किती फुगते ते बघायची साधी टेस्ट करतो. चाळलेली सुकी माती १० ग्रॅम पाण्याच्या मोजमापाच्या सिलिंडरमध्ये, तेवढीच दुसऱ्या सिलिंडरमध्ये रॉकेलात, आणि २४ तास वाट बघायची. रॉकेलातली गुमान बसून राहते, पाण्यातली आपली काळी माती फुगून दीडपट, दुप्पट होते. माती तीच, फक्त कणांच्या मधलं द्रव बदललं. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज म्हणजे एकावर एक ठेवलेले पापुद्रे, एकेकाची जाडी साधारण १ नॅनोमीटर, आणि प्रत्येकावर ऋण भार. हा भार सांभाळायला मधे सोडियम किंवा कॅल्शियम येऊन बसतं. कॅल्शियमचा भार दुहेरी, ते पापुद्रे जवळ धरून ठेवतं. सोडियमचा एकेरी, त्यात भोवती पाण्याचा पसारा घेऊन बसणार, त्यामुळे पापुद्रे लांब लांब होतात आणि शेवटी सुटतातच. सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन अडकतात आणि पाण्याची वाट बंद. धाब्यावर हेच पाहिजे असतं, शेतात नको.

आमच्या बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जास्त निघालं. बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमला चुनखडी करून बसवतं, मग मोकळं राहतं ते सोडियम, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी केळीला. काका म्हणायचे, बोअरचं पाणी खारं आहे हे खरं, पण एक चांगला पावसाळा झाला की जमीन धुवून निघेल. मलाही आधी तसंच वाटायचं. पण पाऊस पडला की उलट आठ-आठ दिवस पाणी साचून राहायचं, वाफसाच, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, यायचा नाही, आणि वाळल्यावर वर सिमेंटसारखी पपडी.

मग मी ओट्यावर दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात बोअरचं पाणी, एकात पावसाचं, दोन्हीत शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं. बोअरच्या पाण्यातलं ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ. पावसाच्या पाण्यात मात्र ढेकळाभोवती हळूहळू धुरासारखं गढूळ पसरत गेलं आणि अर्ध्या तासात ग्लासचा तळ दिसेना. काका खाली वाकून बघत होते, काही बोललेच नाहीत. पाण्यातले क्षार जास्त असले की ते सोडियमवाल्या मातीलाही एकत्र दाबून धरतात, आणि गोड पाण्याने ते क्षार धुतले की माती सुटते. म्हणजे बोअरचं पाणी मातीत सोडियम भरत होतं आणि झाकूनही ठेवत होतं, पाऊस फक्त ते उघडं करत होता.

नॉर्वेत तर गोड्या पाण्याने याहून भयंकर केलंय. समुद्रात साचलेली चिकणमाती जमीन उचलल्यामुळे वर आली आणि हजारो वर्षं तिच्यातलं मीठ धुपत गेलं, वरून घट्ट दिसते पण हलली की रश्शासारखी वाहते. रिस्साला २९ एप्रिल १९७८ ला तशी जमीन घरंदारं घेऊन तळ्यात गेली.

तिसऱ्या ग्लासात मी पावसाच्याच पाण्यात चिमूटभर जिप्सम (कॅल्शियमचं एक खनिज) ढवळून ढेकूळ टाकलं. पाणी नितळ राहिलं. जिप्समचं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण निघालेलं सोडियम बाहेर जायला वाट लागते, नुसतं जिप्सम फेकून काही होत नाही, हे मी काकांना दहादा सांगितलं. प्रमाणही मातीच्या रिपोर्टवरूनच ठरवायचं, शेजाऱ्याने किती टाकलं त्यावरून नाही.

या वर्षी बांधाकडचा पट्टा घेतलाय. आधी चर खणला, मग जिप्सम, मग ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडलं. परवा काकांचा फोन आला, म्हणाले पाऊस उघडून तीन दिवस झाले, त्या पट्ट्यात पाय रुतत नाही आणि चरातून गढूळ नाही, स्वच्छ पाणी चाललंय. बाकीच्या शेतात अजून डबकं आहे.