विमानाखाली काय टांगायचं?

शॉर्ट 184 हे विमान देखणं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाकात इंजिन, इंजिनाच्या वर रेडिएटरची उभी पेटी, तीही बरोबर वैमानिकाच्या डोळ्यांसमोर. म्हणजे समोरचं सोडून बाकी सगळं दिसावं अशी सोय. चाकांच्या जागी दोन लांबट तरंगे, शेपटीखाली तिसरा छोटा, आणि खालच्या पंखांच्या टोकांना हवेच्या पिशव्या. लाटेनं विमान कललं तर पंख पाण्यात जाऊ नये म्हणून. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, हॉरेस शॉर्ट यांनी ब्रिटिश आरमारासाठी पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं हे धूड उभं केलं. सनबीमचं इंजिन 225 अश्वशक्तीचं, म्हणून वैमानिकांनी त्याचं नाव 'टू-टू-फाइव्ह' पाडलं होतं. पुढं अशी 900 हून जास्त विमानं बांधली गेली. त्यातल्या एकाचं 1/72 मापाचं मॉडेल कोल्हापुरात बसून करणाऱ्या माणसाला 'का?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. घरात तर रोज भेटतात.

'का'ला माझ्याकडं बरं उत्तर नाही. 'कसं' विचारा, मग बसा.

आराखडा मिळाला तो 1/48 चा. तो राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून 67 टक्क्यांवर लहान करून घेतला. "पावणं, आधारकार्ड न्हवं व्हय हे?" असं म्हणत त्यानं काच पुसून दिली, हे त्याचं मोठेपण. मूळ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 19 मीटरच्या वर. कागदावर ते 27 सेंटिमीटर भरायला हवेत. झेरॉक्स मशीन एका दिशेला किंचित ओढतं, त्यामुळं पट्टी दोन्ही अंगांनी लावायची असते. पंखांना पातळ प्लॅस्टिकचा पत्रा, अंगाला बाल्सा नावाचं हलकं लाकूड. नाकावरच्या फिरत्या पंख्यासाठी राजारामपुरीतच एका सुताराकडून फिक्या आणि गडद लाकडाचे पापुद्रे आणले. खरा पंखासुद्धा लाकडाचे थर एकावर एक चिकटवूनच करत. थर चिकटवून, वाळवून, मग पात्याला पीळ देत तासत गेलं की ते पट्टे आपोआप वळणावळणानं उमटतात. ब्रशानं रंगवून ते जमत नाही. काहीजण रंगवतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

खरी परीक्षा तारांची. दोन पंखांमध्ये तिरक्या-उभ्या इतक्या तारा आहेत की त्या मोजायच्या फंदात पडू नये. खरी तार चार-पाच मिलिमीटरची धरली, तर 72 नं भागून हातात येते माणसाच्या केसाएवढी जाडी. मग केसच का नको? आईच्या फणीतला पांढरा केस मी भिंगाखाली धरला आणि थक्क झालो. तंतोतंत पोलादी तार. मात्र तो आधी भांड्याच्या साबणानं धुवावा लागतो, कारण त्यात चाळीस वर्षांचं खोबरेल मुरलेलं असतं आणि फेव्हिक्विक तेलाला जुमानत नाही. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "इमानाला लावायला बरी आठवली रं आई." केसाची दुसरी खोड अशी की तो दमट हवेत लांबतो. कोरड्यातून पूर्ण दमटात गेला तर सुमारे दोन टक्के. जुन्या हवामान केंद्रांत याच खोडीवर आर्द्रता मोजायचं यंत्र चालायचं. शास्त्राला हे सोयीचं, मला नाही. आपल्याकडं जूनमध्ये एकदा सुरू झाला की गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत, तिथं आईच्या केसावर ताणलेलं विमान आषाढात सैल पडणार हे ठरलेलं. शेवटी मासेमारीच्या गळाचा सगळ्यांत बारीक दोरा घेतला. आईचे केस मी मागच्या शेपटीपुरते ठेवले, मुद्दाम. पावसाळ्यात तेवढ्या दोन तारा लोंबू देत.

रंगाचं म्हणाल तर सोपं आहे आणि नाहीही. सुरुवातीच्या या विमानांना रंग नव्हताच. तागाच्या कापडावर डोप नावाचं लुकण आणि वर व्हार्निश. कापड ताणलं जायचं, पाणी आत जायचं नाही. आपल्या कोऱ्या मांजरपाटावर चहाचा हलका हात फिरवला तर जो रंग येईल, तो. फोटो त्या काळचे काळे-पांढरे, आणि त्या फिल्मवर पिवळा गडद दिसायचा, निळा फिका. त्यामुळं फोटोवरून रंग ठरवायला जाल तर फसाल. अस्सल विमान तपासावं म्हटलं तर इंग्लंडमधल्या येओव्हिल्टनच्या संग्रहालयात एकाचा सांगाडा तेवढा उरलाय. 31 मे 1916 ला जटलंडच्या लढाईत टेहळणीला गेलेलं तेच ते विमान. युद्धातनं ते धड परत आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या संग्रहालयात सुखरूप ठेवलेलं असताना बॉम्बहल्ल्यात मोडलं. काय म्हणावं याला.

मागच्या खुर्चीजवळ एक वेताची करंडी करायची आहे, आणि ती माझ्या गल्लीत सगळ्यांत लोकप्रिय भाग ठरली आहे. या विमानात बिनतारी यंत्र असायचं, तरी निरोप्या कबुतरं सोबत घ्यायचे. समुद्रात उतरावं लागलं तर कबूतर सोडायचं. आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर खुराडी आहेत, तेव्हा एवढं कळल्यावर कुणी 'का' विचारलं नाही. उलट विचारलं, "जोडी न्यायची का एकटं?" जाणकार माणसाचा प्रश्न आहे. मी दोन ठेवणार आहे.

एवढं सगळं जमेल. अडलं ते पोटाखाली.

दोन तरंग्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या सरळ नाहीत, मधोमध वर वाकवून कमान केली आहे. ती टॉर्पेडोसाठी, म्हणजे पाण्यातून जाऊन जहाजावर फुटणाऱ्या पाणतीरासाठी. विमान जन्माला आलं तेच मुळी 14 इंची टॉर्पेडो उचलायला. 12 ऑगस्ट 1915 ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीजवळ चार्ल्स एडमंड्स या वैमानिकानं या विमानातून टॉर्पेडो सोडून एक तुर्की जहाज टिपलं; जगात असं पहिल्यांदाच घडलं. जहाज आधीच पाणबुडीचा मार खाऊन बसलेलं होतं, पण पहिलं ते पहिलं. त्याच्यासाठी विमान इतकं हलकं करावं लागलं की सोबतचा निरीक्षक मागंच ठेवला आणि इंधन बेतानं भरलं. पाच दिवसांनी डेकर या दुसऱ्या वैमानिकाचं इंजिन वाटेत कुरकुरलं, तो पाण्यात उतरला, बोटीसारखं विमान पळवत एका टगबोटीवर टॉर्पेडो सोडला आणि ओझं गेल्यामुळं हलकं होऊन उडून परत आला. हा प्रसंग मला एडमंड्सपेक्षा शंभरपट आवडतो. तर कुणीही हे मॉडेल केलं की खाली टॉर्पेडो लावतं. मीही उद्यमनगरात पाच मिलिमीटरची पितळी सळई लेथवर टोकदार करून आणली होती. नमुना म्हणून नाव राहील असं काम करून दिलं पोरानं.

पण शॉर्टची हीच विमानं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्येही गेली. तैग्रिसकाठी कुतमध्ये 7 डिसेंबर 1915 पासून ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली. त्यात 103 आणि 110 मराठा लाइट इन्फंट्री, 117 मराठा. दाणागोटा संपत आला, घोडे कापायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कित्येकांना ते मांस तोंडात घालवेना. एप्रिलमध्ये विमानांनी वरून धान्याची पोती टाकायला सुरुवात केली. त्या विमानांत शॉर्टची सीप्लेन्स होती. बरीच पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या खंदकात. दळायला जातं हवं म्हणून जात्याचा दगडसुद्धा विमानातून टाकला. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं.

समोरच्या घरातले सुभेदार आबा बेळगावला भरती होऊन मराठा पलटणीत नोकरी करून आलेले. त्यांना हे वाचून दाखवलं. जहाज टिपलं त्यावर ते काही बोलले नाहीत. जात्यावर मात्र थांबले. "टाकी लावलेलं हुतं का नुसता दगड?" टाकी म्हणजे दळण नीट व्हावं म्हणून जात्याच्या दगडाला छिन्नीनं पाडलेल्या खाचा. मला सांगता आलं नाही. "टाकी लावल्याबिगर काय उपेग न्हाई," म्हणाले, आणि चष्मा पुसत मॉडेलच्या पोटाखाली बघत बसले.

तेव्हा ठरलं. टॉर्पेडो नाही, पोती. घडी घातलेल्या बँडेजच्या जाळीत रवा भरून, तोंडं दोऱ्यानं शिवून, चहात बुडवून वाळवली. पोत्याचे कान आबांनी मापून घेतले, "कान न्हाईत तर पोतं उचलायचं कसं?" जातं मात्र सहा मिलिमीटरचं झालंय, दीड फुटी धरून. मऊ दगडाचं, आणि सुईनं टाकी लावलेलं. कमानीत टॉर्पेडोच्या जागी पोती विचित्र दिसतात, जाणकार येऊन बोट ठेवणार हे दिसतंय. ठेवू देत.

पितळी टॉर्पेडो भाच्याला दिला. तो सध्या न्हाणीघरातल्या बादलीत साबणाच्या वड्या बुडवतोय, आणि त्याचा निकाल एडमंड्सपेक्षा चांगला लागतोय.