चहाचा तुरटपणा जातो कुठे?

घरात नेहमीची सीटीसी चहा पावडर असेलच. एक सपाट चमचा पावडर कपभर उकळत्या पाण्यात टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा. साखर नको, दूध नको. हा कोरा चहा जरा निवला की एक घोट तोंडात घोळवा. दहा-पंधरा सेकंदांत जीभ खरखरीत होते, गालाच्या आतली बाजू आवळल्यासारखी वाटते. जांभळं जास्त खाल्ल्यावर होतं तसंच. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला आणि परत घोट घ्या. तुरटपणा जवळजवळ गायब!

खोक्यावर ज्याला ठळक अक्षरात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात, ते जिभेला कळतं ते असं. चहातली पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली तुरट संयुगं, ही प्रथिनांना आणि धातूंना चटकन चिकटणारी मंडळी आहेत. लाळेतल्या प्रथिनांना चिकटली की लाळेचा बुळबुळीतपणा जातो, तोंड कोरडं पडतं. दूध घातलं की त्यातलं केसिन हे प्रथिन आधी पुढे होतं आणि लाळेतली प्रथिनं मोकळी राहतात. चहाचे फायदे, तोटे, कपाला बसणारे डाग, बोअरच्या पाण्यावर येणारा तवंग, सगळ्यांमागे हाच चिकट स्वभाव आहे. तेवढा लक्षात ठेवला तर बाकीचं समजायला सोपं जातं.

ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा यांचं झाड एकच. ताज्या कोवळ्या पानाच्या कोरड्या वजनात साधारण पाव हिस्सा पॉलिफेनॉल्स असतात आणि त्यात बहुतांश कॅटेचिन्स. त्यांच्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव ईजीसीजी. पानाच्या पेशीत ही कॅटेचिन्स एका कप्प्यात असतात आणि त्यांचं ऑक्सिडेशन करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. पान चुरगळलं की कप्पे फुटतात, हवा लागते आणि कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं हिरवं पान तांबूस होत जातं. ग्रीन टीत हे होऊच देत नाहीत: जपानमध्ये पानं वाफवून, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी कढईत परतून ते विकर आधीच मारतात. काळ्या चहात मुद्दाम होऊ देतात. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात आलं. कारखान्यात या टप्प्याला ‘फर्मेंटेशन’ म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखं इथे काही आंबत नाही; जंतूंचा संबंधच नसतो.

या टप्प्यात कॅटेचिन्स नष्ट होत नाहीत, एकमेकांना जोडली जातात. त्यातून थिआफ्लेविन्स आणि थिआरुबिजिन्स तयार होतात. पांढऱ्या कपात कोरा चहा ओतून कडेला बघा: सोनेरी-नारिंगी कड चमकली तर थिआफ्लेविन्स चांगली उतरलीत. मधला तांबडा-तपकिरी रंग आणि भारदस्तपणा थिआरुबिजिन्सचा. कड मळकट दिसली तर पावडर जुनी आहे किंवा कारखान्यात जास्त वेळ ठेवलेली आहे. कडक चहा गार झाल्यावर गढूळ होतो तेव्हा दूषित झाला असं वाटतं. प्रत्यक्षात थिआफ्लेविन्स आणि कॅफीन यांचा एकत्र साका झालेला असतो; गरम केला की परत निवळतो.

आकड्यांत सांगायचं तर १०० मिली ग्रीन टीत ईजीसीजी साधारण ६०-७० मिलिग्रॅम, काळ्या चहात जेमतेम १०. हा आकडा दाखवूनच ग्रीन टी खपवला जातो. पण काळ्या चहात त्याच्या जागी आलेली मोठी रेणूमंडळी या आकड्यात धरलेलीच नसतात. आणि एक गोंधळ आपल्याकडचा खास: गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. ते गवत वेगळं, त्याचा वास सिट्रालचा. त्यात कॅफीन नाही आणि चहाची कॅटेचिन्सही नाहीत. पावसाळ्यात आल्याबरोबर उकळून खुशाल प्या, पण ‘अँटिऑक्सिडंट’चा हिशेब त्याला लावू नका.

आता मूळ शब्दाकडे. परीक्षानळीत चहा खरोखरच उत्तम अँटिऑक्सिडंट आहे. पदार्थांची अशी ताकद मोजणाऱ्या ओआरएसी आकड्यांची मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. २०१२ मध्ये त्यांनीच ती मागे घेतली, कारण नळीतला आकडा आणि शरीरातला परिणाम यांचा मेळ बसत नव्हता. का बसत नाही ते बघा. चहा प्यायल्यावर दीड-दोन तासांत रक्तात कॅटेचिन्स सगळ्यात जास्त असतात, तेव्हाही त्यांचं प्रमाण साधारण एक मायक्रोमोलरच्या आतच. रक्तातलं युरिक ॲसिड, जे स्वतः अँटिऑक्सिडंट आहे, ते असतं दोनशे ते चारशे मायक्रोमोलर. भरलेल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतण्यातला प्रकार. त्यामुळे चहाचा काही फायदा असलाच तर तो ‘फ्री रॅडिकल्स’ (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) मारून होत नसावा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचा परिणाम आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू पॉलिफेनॉल्स फोडून जे लहान रेणू तयार करतात ते, या दोन वाटा जास्त पटण्यासारख्या आहेत.

फायदा आहे का? थोडा दिसतो. जपानच्या ओसाकी भागातल्या ४०,५३० प्रौढांच्या पाहणीत (२००६) रोज पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी होते. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फरक नव्हता. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये दिसलं की दिवसाला दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी होता, दूध-साखर घालत असोत वा नसोत. ही माहिती आपल्या जास्त कामाची, कारण तिथला चहा मुख्यतः काळाच असतो. अर्थात या दोन्ही निरीक्षणाच्या पाहण्या आहेत. चहा पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. ग्रीन टीने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, डेसिलिटरला सरासरी दोन ते पाच मिलिग्रॅम उतरतं. वजनाचं तर विसराच, फरक इतका किरकोळ की काट्यावर कळणार नाही.

फरक पडतो तो करण्याच्या पद्धतीने, आणि घोळही तिथेच होतात.

ग्रीन टी कडू झाला अशी तक्रार असते तेव्हा दहापैकी आठ वेळा पाणी फार गरम असतं. २०० मिलीला दोन ग्रॅम पानं आणि ७५ ते ८० अंशाचं पाणी लागतं. थर्मामीटर नको: तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग माठातलं पाणी एकत्र केलं की तापमान ऐंशीच्या आसपास येतं. दोन-तीन मिनिटं, झाकण ठेवून. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलात तर कॅटेचिन्स थोडी जास्त उतरतात हे खरं, पण तो काढा पिववत नाही, मग त्यात मध जातो आणि सगळा हिशेब फिरतो. अख्ख्या पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतता येतं, निम्मा माल अजून पानातच असतो. पुडीतली भुकटी मात्र एकदाच.

पाण्याचा जडपणा हा न बोलला जाणारा मुद्दा. बोअरच्या जड पाण्यात चहा केला की वर तेलकट दिसणारा तवंग येतो. तो तेलाचा नसतो, कॅल्शियम आणि ऑक्सिडेशन झालेली पॉलिफेनॉल्स यांचा असतो. तोच कपाला चिकटून तपकिरी डाग पडतो. ग्रीन टी कमी क्षारांच्या पाण्यात केला तर नळाच्या जड पाण्यापेक्षा ईजीसीजी जवळपास दुप्पट उतरतं असं २०१९ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. काळ्या चहात असा फरक नव्हता. लिंबाचे चार थेंब टाकले की तवंग फुटतो आणि रंगही उतरतो. चहा पातळ झाला म्हणून घाबरू नका, आम्लात थिआरुबिजिन्सचा रंग फिका होतो इतकंच. आतड्यातल्या वातावरणात कॅटेचिन्स लवकर विरतात आणि लिंबामुळे ती जास्त टिकतात, निदान प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात तरी. म्हणजे कोऱ्या चहात लिंबू पिळण्याला चवीपलीकडेही अर्थ आहे.

सोडा टाकून रंग आणण्याची युक्ती मात्र नको. अल्कधर्मी पाण्यात कॅटेचिन्स काही मिनिटांत मोडतात. रंग लालभडक, आत काही नाही.

दुधाच्या चहाचं काय? पाणी, साखर, पावडर, दूध सगळं एकदम पातेल्यात घालून उकळायचं ही घरोघरची रीत. दूध जास्त असलं की अर्क कमी उतरतो, म्हणून पावडर वाढवावी लागते, मग कॅफीन वाढतं. त्यापेक्षा १५० मिली पाण्याला आधण आलं की अडीच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा पावडर टाकून गॅस बंद करावा, चार मिनिटं झाकावं, गाळावं आणि वेगळं तापवलेलं ३०-४० मिली दूध घालावं. पाच-सात मिनिटांपुढे उकळून कडूपणा वाढतो आणि वास उडून जातो. उकळून चहाचं ‘विष’ होत नाही. दुधाचा चहा चार तास ओट्यावर ठेवून परत गरम केला तर भीती जंतूंची, टॅनिनची नाही.

दुधाने फायदा जातो का, यावर भांडण आहे. २००७ मध्ये बर्लिनमध्ये १६ निरोगी स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात कोऱ्या चहाने रक्तवाहिनी जास्त सैल झाली, दूध घातलेल्या चहाने नाही. दुसऱ्या प्रयोगांत दूध घातलं तरी कॅटेचिन्स रक्तात तेवढीच पोचली. सोळा जणींवरून आयुष्यभराची सवय मोडायला सांगणं मला पटत नाही. साखरेचं गणित त्याहून सोपं आणि वाईट: कपाला दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम, पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ च्या आत राहा म्हणते.

खरा तोटा लोहाचा, आणि त्याबद्दल खोक्यावर काही छापलेलं नसतं. कोऱ्या चहात लोहाच्या गोळीचा चुरा टाकून बघा. थोड्याच वेळात चहा शाईसारखा काळा पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस वापरून काळी शाई करत, ती हीच क्रिया: तुरट पॉलिफेनॉल आणि लोह. जेवणातलं लोहही असंच पकडलं जातं आणि न शोषता बाहेर जातं. १९९९ च्या एका प्रयोगात पावाच्या जेवणासोबत काळा चहा दिल्यावर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्के घटलं. चहात दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. दुधाने जीभ सुटते, लोह सुटत नाही.

सकाळची चहा-चपाती आठवा. कामाला जाणाऱ्या बाईची आणि शाळेत जाणाऱ्या पोराची तीच न्याहारी, आणि गव्हातलं लोह त्याच बशीत अडकून पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याला चहा हे एकच कारण नाही, पण ही वेळ बदलायला एक पैसा लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही तोच: जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. लिंबाने लोह जास्त शोषलं जातं; पोह्यांवर ते पिळून वर लगेच चहा घेतला तर एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. गुळाच्या चहाची ‘गुळात लोह असतं’ ही जाहिरातही याच कारणाने फुसकी. आहे ते थोडंसं लोह त्याच कपात पकडलं जातं. (गुळाने दूध फाटत असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर, सगळ्यात शेवटी घाला.)

गरोदरपणातल्या लोहाच्या लाल गोळीला आणि थायरॉइडच्या गोळीला हाच नियम: साध्या पाण्याबरोबर. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर चहाला किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. गरोदर स्त्रीने दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं; कपाला ३० ते ६५ धरले तर तीन कपांच्या पुढे जाऊ नये. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी ग्रीन टी एकदम वाढवू नये.

ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मुळीच नकोत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेणाऱ्यांत रक्तात यकृताची विकरं वाढलेली, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते. तेवढं ईजीसीजी पिऊन मिळवायचं तर लिटरभराहून जास्त ग्रीन टी लागेल. वजन लवकर उतरावं म्हणून दोन-दोन कॅप्सूल, त्याही उपाशीपोटी घेतल्या जातात, आणि नेमकं तेच धोक्याचं.

राहिला गरमपणा. ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. इराणच्या गोलेस्तान भागातल्या कढत चहावरचा अभ्यास त्यामागच्या पुराव्यांत आहे. दोष तापमानाचा, चहाचा नाही. पातेल्यातून थेट पेल्यात ओतलेला चहा सहज ऐंशीच्या पुढे असतो. बशीत ओतून फुरका मारत पिणं गावंढळ समजलं जातं, पण थर पातळ, पृष्ठभाग पसरट. मिनिटभरात तो चहा पासष्टच्या खाली येतो.